फाटलेल्या दुधाचे गोळे

थंडीचे दिवस आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) जाधववाडी बाजारात लालभडक टोमॅटो आले आहेत आणि घरी टोमॅटोच्या साराचा बेत ठरला आहे. सार चांगले उकळू लागते. इतक्यात तुमच्या मनात येते, हॉटेलात मिळते तसे दाट, गुलाबी सूप आपणही का करू नये? तुम्ही पेलाभर गरम दूध घेता आणि त्या उकळत्या सारात ओतता. क्षणभर रंग मोठा सुरेख दिसतो. पण पाहता पाहता पातेलेभर पांढरट कण तरंगू लागतात, पाणी वेगळे आणि चोथा वेगळा होतो. पाहुणे दारात आणि सार असे! घरातले म्हणतात, "झाले, दूध फाटले!"

आता गंमत पाहा. त्याच वेळी शेजारच्या घरातल्या काकू पातेलेभर दूध उकळून त्यात मुद्दाम लिंबू पिळत आहेत. त्यांचेही दूध फाटते, पण त्या हळहळत नाहीत. त्या ते फडक्यात गाळून घेतात आणि म्हणतात, "पनीर छान झाले." दोन्ही घरांत घडले ते एकच. मग एकीकडे नुकसान आणि दुसरीकडे फायदा असे का? दूध फाटते म्हणजे नक्की काय होते, हे कळले तर आपल्याला त्या फाटलेल्या दुधाचेच गोळे करून टोमॅटोच्या सारात सोडता येतील. रशात गोळे शिजवणे आपल्याला नवे नाही. मराठवाड्यातले शेंगोळे, घरोघरची वरणफळे, विदर्भातले कढीगोळे ही सगळी त्याच जातीची. आपण फक्त पिठाच्या जागी पनीर घेणार आहोत. चला तर, आज स्वयंपाकघराचीच प्रयोगशाळा करू या. मात्र गॅसजवळ काम करताना घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घ्यायला विसरू नका.

दूध फाटते म्हणजे काय?

दुधात पाणी, स्निग्धांश, साखर (लॅक्टोज), क्षार आणि प्रथिने असतात. गाईच्या दुधातील प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के प्रथिन एकाच कुळातले असते. त्याचे नाव केसीन. केसीनचे रेणू दुधात सुटे सुटे फिरत नाहीत. हजारो रेणू एकत्र येऊन त्यांचे बारीक गोल पुंजके बनतात. कॅल्शियम आणि फॉस्फेट हे क्षार त्या पुंजक्यांना आतून सांधून ठेवतात. एका पुंजक्याचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. हे पुंजके आणि स्निग्धांशाचे थेंब प्रकाश सगळीकडे विखुरतात, म्हणूनच दूध पांढरे दिसते.

हे पुंजके एकमेकांना चिकटत का नाहीत? कारण त्या प्रत्येकाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. सजातीय भार एकमेकांना दूर ढकलतात, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकला आहातच. त्यामुळे पुंजके एकमेकांपासून अंतर राखून पाण्यात तरंगत राहतात.

आता दुधात आम्ल घातले तर? आम्लातून हायड्रोजनचे धनभारित आयन मिळतात. ते केसीनवरचा ऋणभार हळूहळू नाहीसा करतात. कोणताही द्राव किती आम्लधर्मी आहे, हे आपण सामू या मापाने सांगतो. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याहून कमी म्हणजे आम्लधर्मी. ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.७ असतो. तो उतरत ४.६ च्या आसपास आला की केसीनवरचा धनभार आणि ऋणभार यांची बेरीज शून्य होते. दूर ढकलणारे बळ संपते, पुंजके एकमेकांना बिलगतात आणि त्यांचा चोथा होऊन पाणी वेगळे पडते. हेच दूध फाटणे.

टोमॅटोच्या रसाचा सामू बहुधा ४.२ ते ४.६ च्या दरम्यान असतो. हा फरक आकड्यात लहान दिसतो, पण सामू एकने कमी झाला की आम्लता दहापट वाढते. त्या हिशेबाने ४.४ सामूचा टोमॅटोचा रस ६.७ सामूच्या दुधापेक्षा जवळजवळ २०० पट आम्लधर्मी ठरतो!

यात उष्णतेचाही हात असतो. गार दूध फाटायला सामू ४.६ पर्यंत खाली यावा लागतो, पण दूध चांगले गरम असेल तर तो ५.३ ते ५.५ च्या आसपास आला तरी काम होते. दूध उकळले की केसीनखेरीजची प्रथिने उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात. शिवाय गरम द्रावात पुंजके एकमेकांवर अधिक वेगाने आदळतात. म्हणून उकळत्या सारात दूध ओतणे म्हणजे त्याला फाटण्याचे आमंत्रणच देणे होय.

मग दही का फाटल्यासारखे दिसत नाही? तिथेही आम्लच असते. पण विरजणातले जीवाणू लॅक्टिक आम्ल अगदी सावकाश, कित्येक तास घेऊन तयार करतात, आणि दूधही फक्त कोमट असते. त्यामुळे केसीनची एकसंध जाळी बनते आणि सगळे पाणी त्या जाळीतच अडकून राहते. घाईने आणि गरम दुधात आम्ल पडले की चोथा होतो; सावकाश आणि कोमट दुधात पडले की दही होते.

लिंबाचा आणि टोमॅटोचा हिशेब

प्रयोग १. एक लिटर दूध उकळा. आच बंद करून ते दोन-तीन मिनिटे राहू द्या. मग गाळलेला लिंबाचा रस चमचा चमचा घालत हलक्या हाताने ढवळा. दर चमच्यानंतर क्षणभर थांबा. पाणी स्वच्छ, हिरवट झाले की लिंबू घालणे बंद करा. किती चमचे लागले, ते वहीत लिहा.

एक लिटर दुधाला साधारण २ ग्रॅम सायट्रिक आम्ल लागते. लिंबाच्या रसात हे आम्ल सुमारे ५ ते ६ टक्के असते, म्हणजे ३५ ते ४० मिलिलिटर रस पुरे. टोमॅटोतही मुख्य आम्ल सायट्रिकच, पण त्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का. तेव्हा तेवढ्याच दुधासाठी टोमॅटोचा रस किती लागेल? त्रैराशिक मांडून पाहा. उत्तर ४०० मिलिलिटरच्या आसपास येते. थोडेसे दूध घेऊन टोमॅटोच्या गाळलेल्या गरम रसाने ते फाडून पाहा. फिकट गुलाबी पनीर मिळेल. आता तुमच्या लक्षात येईल, की सारात दूध घातले तेव्हा दुधाच्या मानाने आम्ल कितीतरी जास्त होते. त्या बिचाऱ्या पेलाभर दुधाची धडगत नव्हती.

पनीर फडक्यात बांधून वर वजन ठेवा आणि अर्धा तास निथळू द्या. एक लिटर दुधाचे दीडशे ते दोनशे ग्रॅम पनीर मिळते; म्हशीच्या दुधाचे गाईच्या दुधापेक्षा जास्त. खाली उरलेली निवळी ओतून देऊ नका. तिच्यात दुधातली बरीचशी साखर आणि ब-२ जीवनसत्त्व असते; तिचा हिरवट रंग या जीवनसत्त्वाचाच. सार पातळ करायला साध्या पाण्याऐवजी ही निवळीच वापरू या.

आता सार

चौघांसाठी अर्धा किलो पिकलेले टोमॅटो घ्या. रंग पाहून निवडा. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीन या द्रव्याचा असतो. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ४० आणि हायड्रोजनचे ५६ अणू असतात. फळ पिकताना हरितद्रव्य मोडते आणि लायकोपीन तयार होऊ लागते. त्याला साधारण २० ते २४ अंश सेल्सिअस तापमान चांगले मानवते; ३० अंशांच्या वर ते तयार होणे मंदावते. म्हणूनच मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात पिकलेले टोमॅटो पुष्कळदा पिवळट-नारिंगी राहतात आणि हिवाळ्यातले लालबुंद दिसतात. साराला हिवाळा बरा, तो यासाठीही.

टोमॅटो चिरून ठेवू नका. अख्खेच उकळत्या पाण्यात सोडा. असे का? टोमॅटोच्या पेशींच्या भिंतींत पेक्टिन नावाचे द्रव्य असते. रसाला दाटपणा येतो तो त्याच्यामुळे. पण त्याच फळात पेक्टिन मोडणारी विकरेही असतात. फळ चिरले वा चेचले की ती मोकळी होतात आणि पेक्टिनचे तुकडे करू लागतात. फळ अख्खेच उकळत्या पाण्यात टाकले तर विकरे काम सुरू करण्यापूर्वीच बरीचशी निकामी होतात.

प्रयोग २. दोन टोमॅटो कच्चेच चेचून अर्धा तास ठेवा, मग उकळा. दुसरे दोन अख्खेच उकळून मग चेचा. दोन्ही रस दोन उंच पेल्यांत ओतून तासभर न हलवता ठेवा. कोणत्या पेल्यात वर पाणी सुटले आणि कोणता रस एकजीव राहिला?

साले सुटली की टोमॅटो काढून सोला, घोटा आणि गाळून घ्या. गाळलेल्या रसात निवळी घालून तो हवा तेवढा पातळ करा. चमचाभर तुपात जिरे, हिंग, कढीपत्ता आणि हिरवी मिरची यांची फोडणी करून त्यात हा रस ओता. मीठ आणि गुळाचा लहानसा खडा घाला. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लायकोपीन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. शिजवल्याने पेशींच्या भिंती सैल होऊन ते मोकळे होते आणि तुपाच्या संगतीने शरीरात अधिक शोषले जाते. म्हणजे फोडणी नुसत्या वासासाठी नाही. दुसरी गोष्ट अशी, की गुळाने आंबटपणा कमी झाल्यासारखा वाटतो, पण तो जिभेला. साराचा सामू जवळपास आहे तसाच राहतो. "गूळ घातला आहे, आता दूध फाटणार नाही" असे कोणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका!

गोळे का विरघळत नाहीत?

निथळलेले पनीर ताटात घेऊन तळहाताच्या तळव्याने आठ-दहा मिनिटे रगडून मळा. ते मऊ, एकजीव झाले पाहिजे आणि हाताला किंचित तूप सुटल्यासारखे वाटले पाहिजे. त्यात दोन चमचे बारीक रवा, एक चमचा मैदा, मीठ, मिरपूड आणि बारीक चिरलेली कोथिंबीर घाला. पंधरा मिनिटे झाकून ठेवा आणि मग सुपारीएवढे गोळे वळा. गोळ्याला भेग राहता कामा नये.

रवा आणि मैदा कशासाठी? शेंगोळ्याचा गोळा पिठाचाच असतो आणि त्याच्या आतला स्टार्च शिजून गोळ्याला बांधून ठेवतो. पनीर हे मात्र प्रथिनांच्या कणांचे. ते कण एकमेकांना चिकटतात खरे, पण उकळत्या पाण्याच्या धक्क्यांपुढे सुटू शकतात. रव्यातला स्टार्च गोळ्यातले जास्तीचे पाणी शोषून घेतो आणि सुमारे ६० ते ७० अंशांच्या पुढे फुगून कणांना सांधणारी खळ बनतो. पंधरा मिनिटे थांबायचे ते रव्याला पाणी पिऊन घ्यायला वेळ मिळावा म्हणून. घाई केली की गोळा फुटलाच म्हणून समजा.

पण पनीर सारात वितळत का नाही? बाजारात वड्यांच्या रूपात मिळणारे चीज गरम झाले की वितळते. पनीरही दुधाचेच, चीजही दुधाचेच. मग फरक कुठे पडतो? नेहमीचे चीज मुख्यतः रेनेट या विकराने दूध जमवून करतात. त्यात केसीनला सांधणारे कॅल्शियम बरेचसे टिकून राहते आणि उष्णता मिळाली की केसीनची जाळी सैल होऊन वाहू लागते. पनीर करताना आपण पुष्कळ आम्ल घातले. त्याने बरेच कॅल्शियम विरघळवून निवळीत नेले. शिवाय उकळलेल्या दुधातली इतर प्रथिनेही केसीनला घट्ट चिकटली. ही जाळी तापली तर वितळत नाही. उलट थोडे पाणी सोडून आणखी घट्ट होते. आणि आम्लाची भीती तर तिला मुळीच नाही. आधीच फाटलेले दूध सारात पडून पुन्हा काय फाटणार!

प्रयोग ३. चीजचा एक तुकडा आणि तेवढाच पनीरचा तुकडा दोन वाट्यांत ठेवा. दोन्ही वाट्यांत उकळते पाणी ओता आणि पाच मिनिटांनी चमच्याने दाबून पाहा.

आता मुख्य काम. सार उकळले की आच मंद करा आणि आधी एकच गोळा सोडा. तो दोन मिनिटे टिकला तर बाकीचे सोडा. फुटला तर मिश्रणात आणखी चमचाभर रवा घाला. हा 'परीक्षा गोळा' वाचवू नका. सगळे गोळे फुकट जाण्यापेक्षा एक गेलेला बरा.

आच मंदच का? आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून इथे पाणी १०० अंशांना नव्हे, सुमारे ९८ अंशांनाच उकळते. एकदा उकळी आली की तुम्ही आच कितीही वाढवा, तापमान वाढत नाही. फक्त वाफ अधिक वेगाने बनते आणि खळखळाट वाढतो. म्हणजे मोठ्या आचेने गोळे लवकर शिजणार नाहीत, एकमेकांवर आपटून फुटतील मात्र. मंद आचेवर सहा-सात मिनिटे पुरतात. आतली हवा तापून प्रसरण पावते आणि स्टार्च फुगतो, त्यामुळे गोळे थोडे मोठे झालेले दिसतील. काही वर येऊन तरंगतीलही.

भांडे कोणते घेतलेत?

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. जे आम्ल केसीनवरचा भार काढून घेते, ते भांड्यालाही सोडत नाही. घरात आजीच्या वेळचे तांब्या-पितळेचे सुंदर पातेले असेल आणि त्याची कल्हई उडालेली असेल, तर त्यात सार मुळीच करू नका आणि केलेले सार त्यात ठेवू नका. आंबट पदार्थात तांबे विरघळते. असे अन्न पोटात गेले तर मळमळ, उलट्या, पोटात कळा असा त्रास होतो. सामू ६ पेक्षा कमी असलेला कोणताही पदार्थ उघड्या तांब्या-पितळेला लावू नये, आणि आपले सार तर ४.४ च्या आसपासचे!

आपल्या वाडवडिलांनी यावर उपाय शोधलाच होता. कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागराची पूड टाकून आतला काळा थर साफ करतो आणि कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने त्याचा पातळ थर सगळीकडे पसरवतो. कथील आम्लाला तांब्यापेक्षा पुष्कळच दाद देत नाही. पण ते २३२ अंशांनाच वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामेच आचेवर ठेवू नये, आणि आत तांबूस वा पिवळे डाग दिसू लागले की ते आंबटासाठी बंद करावे. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात ही चिंता नाही.

दूध घालायचेच असेल तर?

गुलाबी सूप करता येतच नाही असे मात्र नाही. हॉटेलात ते होतेच ना! त्याची युक्ती अशी. थोड्या लोण्यात चमचाभर मैदा भाजून त्यात दूध घालून पातळ खळ करून घ्यावी. त्यातला फुगलेला स्टार्च केसीनच्या पुंजक्यांच्या आड येतो आणि त्यांना एकमेकांना बिलगू देत नाही. मग आच बंद करून गरम टोमॅटोचा रस त्या खळीत थोडा थोडा, ढवळत घालावा. पुन्हा उकळू नये. दुधाऐवजी साय वापरली तरी धोका कमी, कारण सायीत स्निग्धांश जास्त आणि त्या मानाने केसीन कमी असते. काही जण चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. सोडा आम्ल मारतो, कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो आणि दूध फाटत नाही हे खरे. पण टोमॅटोची चवही त्याबरोबर जाते आणि क जीवनसत्त्वही लवकर नष्ट होते.

आणखी एक तपासणी. पनीर विकत आणले असेल तर त्याचा लहानसा तुकडा पाण्यात उकळून गार करा आणि त्यावर टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळा रंग आला तर त्यात स्टार्चची भेसळ आहे. ही परीक्षा शिक्षकांच्या देखरेखीखाली करा आणि तपासलेला तुकडा खाऊ नका, फेकून द्या. तुमचा स्वतःचा रवा घातलेला गोळा या परीक्षेत उतरेल का? का नाही, ते तुम्हीच सांगा.

गोळे तयार झाले असतील. वाटीत आधी तीन-चार गोळे ठेवा, वरून गरम सार ओता आणि सगळ्यांना वाढा. कोणी विचारलेच, "दूध घातलेस की काय? फाटले कसे नाही?" तर त्यांना सांगा, की ते फाटलेलेच आहे, फक्त आधी फाडून घेतले आहे. आणि लिंबाचे किती चमचे लागले ते वहीत लिहायचे राहिले असेल, तर आता आठवणीने लिहा. पुढच्या खेपेला गाईच्या दुधाऐवजी म्हशीचे दूध घ्या, आकडे शेजारी शेजारी मांडा आणि फरक का पडला, याचा विचार करा.